न टिकणारे मास्तर, न टिकणारे भत्ते

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००९ च्या सुमारास दहा शालेय जिल्ह्यांत एक सौदा करून पाहिला. कोणत्या शिक्षकाच्या वर्गातली मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात, याचा मागच्या काही वर्षांचा हिशेब काढून प्रत्येक जिल्ह्यातले सर्वांत वरचे शिक्षक निवडले. ते भरले १,५१४. त्यांना निरोप गेला: आपल्याच जिल्ह्यातल्या, पण तळाच्या निकालाच्या शाळेत बदली घ्या, दोन वर्षं तिथे शिकवा आणि पगाराखेरीज २० हजार डॉलर घ्या. तेव्हाच्या भावाने हे साडेनऊ लाखांच्या आसपास रुपये होतात. नोकरी तीच, पगारश्रेणी तीच, सेवाज्येष्ठताही तीच. बहुतेकांना बिऱ्हाड हलवायचीसुद्धा गरज नव्हती. सकाळी गाडी तेवढी वेगळ्या रस्त्याला वळवायची होती.

अर्ज केला २२ टक्क्यांनी. प्रत्यक्षात बदलून गेले ८१.

या ८१ च्या आकड्यावरून पुष्कळ टिंगल होते, ती थोडी अन्यायाची आहे. रिकाम्या जागाच मोजक्या होत्या आणि त्यांतल्या ८८ टक्के या योजनेने भरल्या. सरकारी योजनेच्या मानाने हे यश म्हणायचं. मला मात्र ते २२ टक्के जास्त बोलके वाटतात. लक्ष्मी दारात उभी असताना शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांनी कडीही काढली नाही. पैशाला नाही म्हणणारी ही माणसं साधू-संत नव्हती. तीही घराचे हप्ते भरत होती, मुलांच्या कॉलेजच्या फीची चिंता करत होती. तळाची शाळा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं, इतकंच.

तळाची शाळा म्हणजे वाईट मुलांची शाळा असं बाहेरून वाटतं. आतल्यांना विचारलं तर ते मुलांबद्दल कमी आणि शाळेबद्दल जास्त बोलतात. निम्मा स्टाफ पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा. मुख्याध्यापक दर दीड-दोन वर्षांनी नवे. ऑक्टोबरमध्ये कुणी राजीनामा दिला की त्याचा वर्ग बाकीच्यांत वाटून द्यायचा. कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय, कुणाच्या आईला फोन केलेला चालतो आणि कुणाच्या वडिलांना करायचा नाही, हे सांगायला जुना माणूस उरलेला नाही. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांच्या आठ वर्षांच्या नोंदींवर मॅथ्यू रॉनफेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत शिक्षकांची ये-जा जास्त असली तर सोडून न गेलेल्या शिक्षकांच्या वर्गातली मुलंही मागे पडतात, असं त्यात दिसलं. गेलेला माणूस फक्त स्वतःचा वर्ग रिकामा करून जात नाही.

आता कुणीही विचारेल, की काम इतकं जड, तर पगार पहिल्यापासूनच जास्त का नाही? खाणीत उतरणाऱ्याला, रात्रपाळी करणाऱ्याला जास्त मिळतं. शाळेत का मिळू नये? याचं उत्तर १९२१ मध्ये सापडतं. त्या वर्षी डेन्व्हर आणि डी मॉइन या दोन शहरांनी शिक्षकांसाठी एकच पगारश्रेणी आणली. शिक्षण किती आणि नोकरीची वर्षं किती, एवढंच बघायचं. बाई की पुरुष, प्राथमिक की माध्यमिक, गोरा की काळा, हे बघायचं नाही. त्याआधी प्राथमिक शाळेतल्या बायकांना हायस्कुलातल्या पुरुषांपेक्षा उघडउघड कमी पगार देत आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याहून कमी. एकश्रेणी हा त्यावरचा न्याय होता आणि तो झपाट्याने पसरला. १९५० पर्यंत अमेरिकेतल्या ९७ टक्के शाळा या पद्धतीवर आल्या होत्या.

या न्यायाच्या पोटात एक अन्याय मात्र वाढत राहिला. एका जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पगार सारखा असेल, तर जो तो जमेल तितक्या लवकर सोप्या शाळेत जाणार. ज्येष्ठतेने बदलीचा पहिला हक्क मिळत असल्याने पाच-दहा वर्षांत अनुभवी शिक्षक चांगल्या वस्तीतल्या शाळांत गोळा होतात आणि रिकाम्या जागांवर नवशिके येतात. अनुभवी शिक्षकाचा पगार मोठा, नवशिक्याचा लहान. म्हणजे कागदावर दोन्ही शाळांना सारखे शिक्षक, आणि खजिन्यातून मात्र सुखवस्तू वस्तीच्या शाळेवर जास्त पैसा. तळाच्या शाळेसाठी वेगळा भत्ता द्यायचं निघालं की 'समान कामाला समान वेतन' म्हणून विरोध होतो. पण पैशाचं उलट दिशेला वाहणं वर्षानुवर्षं चालूच असतं, आणि त्यावर मोर्चा कुणी काढत नाही.

टेक्ससमधल्या शिक्षकांच्या बदल्यांचा मोठा अभ्यास एरिक हानुशेक, जॉन केन आणि स्टीव्हन रिव्किन यांनी २००४ मध्ये मांडला. शाळा बदलणाऱ्या शिक्षकाचा पगार फारसा वाढत नाही. बदलतात ती समोरची मुलं, असं त्यांना दिसलं. नव्या शाळेतली मुलं कमी गरीब आणि अभ्यासात बरी असतात. हा ओढा थोपवायला किरकोळ रक्कम पुरणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तरी किरकोळ रक्कमही अगदी वाया जात नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००१ मध्ये गणित, विज्ञान आणि विशेष मुलांच्या शिक्षकांना वर्षाला १,८०० डॉलर बोनस द्यायला सुरुवात केली. अट अशी की शाळा गरीब वस्तीतली किंवा नापासांचं प्रमाण मोठं असलेली हवी. ड्यूक विद्यापीठातल्या चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा या शिक्षकांचं सोडून जाण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. पूर्वी शंभर जात असतील तर आता त्र्याऐंशी. तेही योजना नीट कुणाला कळलेली नसताना! आपली शाळा यादीत आहे की नाही, पुढच्या वर्षी असेल की नाही, शाळेचा निकाल सुधारला तर बोनस जातो की राहतो, याबद्दल शिक्षकांत आणि खुद्द मुख्याध्यापकांत गोंधळ होता. अभ्यासाचा निकाल हाती येईपर्यंत योजना गुंडाळलीही होती. तीन वर्षांत संपली.

कॅलिफोर्नियाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तशीच आहे. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या काळात, २००० साली, हुशार नवशिक्या शिक्षकांना २० हजार डॉलरची पाठ्यवृत्ती सुरू झाली. तळाच्या शाळेत चार वर्षं काढायची. जेवढी वर्षं कमी पडतील त्या प्रत्येक वर्षाचे पाच हजार परत करायचे. पाठ्यवृत्तीमुळे अशा शाळेत जाण्याची शक्यता २८ टक्के गुणांनी वाढली आणि गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांश चार वर्षं टिकले. पाठ्यवृत्ती न घेता तिथे गेलेलेही तेवढेच टिकले होते, म्हणजे पैशासाठी आलेला माणूस लवकर पळतो हा समजही खोटा ठरला. २००२ मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि पहिली कुऱ्हाड पडलेल्या योजनांत ही होती.

रकमेपेक्षा कागदाने किती नुकसान होतं ते बघायचं असेल तर केंद्र सरकारच्या 'टीच' अनुदानाकडे बघावं. अमेरिकेच्या संसदेने २००७ मध्ये ते मंजूर केलं. शिक्षक व्हायला शिकणाऱ्याला वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत मदत. बदल्यात पदवीनंतरच्या आठ वर्षांत कोणतीही चार वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत गणित, विज्ञान, परभाषा असा तुटवड्याचा विषय शिकवायचा. चार वर्षं भरली नाहीत तर अनुदानाचं कर्ज होणार, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. इथवर सगळं रीतसर वाटतं. गंमत पुढे आहे. आपण अजून शिकवत आहोत किंवा शिकवणार आहोत, याचा दाखला दरवर्षी पाठवायचा होता. शिकवत असाल तर त्यावर शाळेच्या अधिकाऱ्याची सही. सही राहिली, तारीख उलटली, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, की अनुदानाचं कर्ज झालंच. झाल्यावर ते माघारी फिरवायची सोय नव्हती. शिक्षक त्याच क्षणी त्याच गरीब शाळेत फळ्यासमोर उभा असला तरी नाही. २०१८ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीत आकडा आला: २०१४ च्या जुलैआधी अनुदान घेतलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचं अनुदान कर्जात बदललं होतं. यांतल्या अनेकांनी खरोखरच शिकवणं सोडलं होतं, पण कित्येक जण केवळ कागदात अडकले होते. पत्रकारांनी हे लावून धरलं, तेव्हा कुठे २०१८ च्या डिसेंबरात खात्याने चुकीने झालेली कर्जं पुन्हा तपासायचं कबूल केलं.

महाराष्ट्रातल्या झेडपी शिक्षकांना ही गोष्ट सांगितली तर ते हसतील, पण कडवट हसतील. इथे घरभाडे भत्ता हवा तर शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहायला हवं. आणि राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव आणायचा, असं २०१९ मध्ये शासनाने ठरवलं. वाडीवर भाड्याने द्यायला पक्की खोली नसते, स्वतःची मुलं तालुक्याच्या शाळेत असतात, नवरा किंवा बायको दुसऱ्याच तालुक्यात नोकरीला असते. मग गुरुजी मोटारसायकलवर अप-डाऊन करतात आणि ठरावही होतो. सरपंचाला माहीत असतं, केंद्रप्रमुखाला माहीत असतं, गटशिक्षणाधिकाऱ्यालाही माहीत असतं. भत्ता ज्या गोष्टीसाठी आहे ती घडत नाही, आणि घडते असा कागद मात्र तयार होतो. शिक्षकाला दोष देणं सोपं आहे आणि विधानसभेत तो दिलाही गेला आहे. खोल्या बांधून देणं त्या मानाने महाग पडतं.

महाराष्ट्राने भत्त्याची वाट धरली नाही असं नाही. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, त्यांत शिक्षक आलेच, त्या भागात असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी दिली. तिला 'एकस्तर' म्हणतात. नक्षलग्रस्त भागात मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता ठरला, पण कमीत कमी २०० आणि जास्तीत जास्त १,५०० रुपये. कल्पना उत्तम. मात्र १,५०० ची मर्यादा म्हणजे दहा हजारांच्या मूळ वेतनापर्यंतच ते १५ टक्के खरे. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, म्हणजे पुरते १५ टक्के धरले तर नवख्याचेच ४,३८० व्हायला हवेत. ठोक रुपयांत लिहिलेली मर्यादा महागाई गिळून टाकते, आणि त्यासाठी योजना बंद केल्याचा आदेशही काढावा लागत नाही.

इथलं खरं प्रोत्साहन रुपयांत नसतंच. ते बदलीत असतं. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने झेडपी शाळांची 'सर्वसाधारण क्षेत्र' आणि 'अवघड क्षेत्र' अशी विभागणी केली. अवघड गावांच्या यादीसाठी पुढे डोंगर, धो धो पाऊस, वाहनाची सोय नसणं, मोबाइलची रेंज नसणं, हिंस्र जनावरांचा उपद्रव असे निकष ठरले. अशा शाळेत तीन वर्षं काढली की शिक्षक 'बदली अधिकार प्राप्त' होतो आणि सर्वसाधारण क्षेत्रातली जागा मागू शकतो. दहा वर्षं सर्वसाधारणमध्ये काढलेला 'बदलीपात्र' होतो आणि त्याची जागा अधिकार प्राप्त शिक्षकाला मिळू शकते. सगळं संगणकावर, त्यामुळे आमदाराच्या चिठ्ठीचं वजन उतरलं. शिक्षकांच्या बाजूने बघितलं तर याइतकं न्याय्य धोरण आधी नव्हतं. वर्षानुवर्षं डोंगरात अडकलेले, वशिला नसलेले किती तरी गुरुजी आणि बाई त्यामुळे खाली उतरू शकले.

मुलांच्या बाजूने बघितलं की चित्र पालटतं. अवघड शाळेत राहण्याचं बक्षीस म्हणून काय मिळतं, तर अवघड शाळा सोडण्याचा हक्क. पहिली ते पाचवी ही पाच वर्षं, शिक्षकाचं घड्याळ तीन वर्षांचं. म्हणजे पहिलीत अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या बाई चौथीत असतील याची खात्री नाही. मुलाची बोली कळायला लागते, आईबाप शाळेत यायला लागतात, तेवढ्यात बाईंची वर्षं भरलेली असतात.

हा दोष काही मराठी मातीचा नाही. फ्रान्समध्ये सगळे शिक्षक राष्ट्रीय सरकारचे नोकर आणि बदल्या गुणांवर. १९८१ मध्ये शिक्षणमंत्री आलँ साव्हारी यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी 'प्राधान्य शिक्षण क्षेत्रं' आखली आणि १९९० च्या सुमारास तिथल्या शिक्षकांना भत्ता सुरू झाला. भत्ता पगाराच्या मानाने लहान होता आणि अर्थतज्ज्ञ कोरीन प्रो यांना शिक्षकांच्या ये-जात त्याने काही फरक पडलेला आढळला नाही. शिवाय अशा शाळेत ठरावीक वर्षं काढली की बदलीसाठी जादा गुण मिळतात. पॅरिसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत नोकरीची सुरुवात करायची, गुण साठवायचे आणि दक्षिणेत, समुद्राकाठी, घराजवळ निघून जायचं. गडचिरोलीत तीन वर्षं काढून पुण्याजवळ यायचं स्वप्न बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

सरळ भत्ता, तोही पुरेसा, देऊन बघणारा देश बघायचा तर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गांबियाकडे जावं लागतं. तिथे २००६ मध्ये दुर्गम प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांना पगाराच्या ३० ते ४० टक्के भत्ता सुरू झाला. दुर्गम कोण, हे ठरवायला अधिकाऱ्यांनी समिती नेमून अहवाल मागवले नाहीत. मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटरहून लांब असलेली शाळा दुर्गम. या रेघेमुळे अभ्यासकांचं फावलं. पावणेतीन किलोमीटरवरची आणि सव्वातीनवरची शाळा यांत तसा काय फरक असणार? तीच लाल माती, तीच विहीर. एकीच्या शिक्षकांना भत्ता, दुसरीच्यांना नाही. टॉड पुगॅच आणि एलिझाबेथ श्रोडर यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंच्या शाळा ताडून पाहिल्या. भत्त्यामुळे दुर्गम शाळांत पात्रताधारक शिक्षकांचं प्रमाण सुमारे १० टक्के गुणांनी वाढलेलं निघालं. मग त्याच दोघांनी पुढचा प्रश्न विचारला: मुलं जास्त शिकली का? सरासरीने बघता, नाही. माणूस आला, कागदावर पात्रही होता. पण त्याला शिकवता किती येतं, हा प्रश्न भत्त्याने सोडवलेला नव्हता, आणि तो भत्त्याने सुटेल अशी अपेक्षा करणंही जरा जास्तच होतं.

पैसा कमी पडतो त्याचं आणखी एक कारण अर्थशास्त्रज्ञांना आकडे मांडल्यावर कळलं, जे कुठल्याही बदली कार्यालयातल्या कारकुनाने फुकट सांगितलं असतं. माणसाला घराजवळ नोकरी हवी असते. न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षकांच्या नोंदींवरून डोनाल्ड बॉइड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की ६१ टक्के शिक्षकांची पहिली नोकरी ते जिथे वाढले तिथून १५ मैलांच्या, म्हणजे २४ किलोमीटरच्या आत होती. ८५ टक्क्यांची ४० मैलांच्या आत. अमेरिकन माणूस नोकरीसाठी खंडाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो अशी आपली समजूत. शिक्षक मात्र आईच्या हातचं जेवता येईल इतक्या अंतरावर राहतात. ज्या वस्तीतून शिक्षक तयारच होत नाहीत, त्या वस्तीची शाळा मग कायम परक्यांवर चालते, आणि परका पहिल्या संधीला घरी जातो.

रत्नागिरीने हे २०२३ मध्ये भोगलं. घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून भरतीत आलेले शेकडो शिक्षक आंतरजिल्हा बदलीने एकदम आपापल्या जिल्ह्यांत परतले आणि नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर अनेक शाळा शिक्षकाविना राहायची वेळ आली. डी.एड. होऊन घरी बसलेली स्थानिक मुलं तेव्हा विचारत होती, आम्हाला घेतलं असतं तर आम्ही कुठे गेलो असतो? भरती राज्यभराच्या गुणवत्ता यादीने होते. स्थानिकालाच घ्या म्हटलं तर यादीतल्या वरच्या उमेदवारावर अन्याय, आणि न घ्यावं तर शाळा रिकामी.

आदिवासी भागापुरतं याचं उत्तर काढायचा प्रयत्न ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने केला. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली ठरावीक पदं, त्यांत शिक्षकाचंही, स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतूनच भरायची. कोरकूत किंवा माडियात बोलणाऱ्या मुलाला त्याच बोलीतली बाई मिळणं हे कुठल्याही भत्त्यापेक्षा मोलाचं. पण प्रकरण न्यायालयात गेलं, भरती रखडली, निवड झालेले उमेदवार उपोषणाला बसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पेसा भरतीही होती. अमेरिकेतही 'आपल्याच वस्तीतून शिक्षक घडवा' हा प्रयोग झाला आहे. शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागात शाळेत मदतीला येणाऱ्या आयांना शिक्षिका करण्याच्या धडपडीतून इलिनॉय राज्याने २००४ मध्ये कायदा केला, २०१६ पर्यंत एक हजार शिक्षक घडवायचं लक्ष्य ठेवलं, आणि त्याच्या जवळपासही पोचलं नाही. घर, मुलं, नोकरी सांभाळून पदवी करायला या बायकांना दहा-दहा वर्षं लागत होती. वाट बरोबर असली तरी लांब असते, आणि सरकारचा दम पाच वर्षांचा.

परत सुरुवातीच्या त्या २० हजार डॉलरकडे येऊ. गेलेल्या शिक्षकांचं पुढे काय झालं? पैसे मिळत होते त्या दोन वर्षांत त्यांच्यातले ९३ टक्के टिकले. तशाच जागांवर नेहमीच्या पद्धतीने आलेल्यांपैकी ७० टक्के. शेवटचा हप्ता हातात पडला आणि लगेच पळापळ झाली का? नाही. पुढच्या सत्राला ६० टक्के अजून तिथेच होते, दुसऱ्या गटातले ५१; फरक इतका थोडा की संख्याशास्त्राच्या हिशेबात तो योगायोगही असू शकतो. प्राथमिक शाळांत मुलांचे निकाल स्पष्ट सुधारले. त्यावरच्या इयत्तांत काहीच हललं नाही. प्राथमिक शाळेत एक शिक्षक एका वर्गाचं सगळं बघतो. पुढे मूल दिवसभरात सहा-सात शिक्षकांच्या हाताखालून जातं. एकटा चांगला माणूस तिथे नेऊन काय करणार, असं मला वाटतं.

डॅलसने नेमका हाच धडा घेतला, किंवा निदान घेतल्यासारखं केलं. २०१५ च्या सुमारास या शहराने आपल्या सर्वांत पडलेल्या शाळा निवडल्या आणि एकेका शिक्षकाऐवजी अख्खा चमू हलवला. मुख्याध्यापक नवे. जुन्या शिक्षकांनीही नव्याने अर्ज करायचा. शहराने आधीच मूल्यमापनाची पद्धत बसवलेली होती. वर्गातलं निरीक्षण, मुलांची प्रगती, मुलांचं मत, सगळं त्यात येई. त्यात वर आलेल्यांना वर्षाला काही हजार, सर्वांत वरच्यांना सुमारे १० हजार डॉलरपर्यंत जादा. शाळा संध्याकाळपर्यंत चालू, मुलांना जेवण तिथेच. शिक्षक संघटनांना यातलं पुष्कळ काही रुचणारं नव्हतं, आणि परीक्षेच्या गुणांवर माणसाची किंमत ठरवण्याबद्दलचा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पण या शाळा दोन-तीन वर्षांत शहराच्या सरासरीच्या जवळ पोचल्या. इतकी झेप या विषयातल्या संशोधनात फार क्वचित दिसते.

मग अधिकाऱ्यांनी शाळा सुधारल्या म्हणून जादा पैसे बहुतांश काढून घेतले. ताप उतरल्यावर गोळी बंद करावी तसं. वरच्या श्रेणीतले बरेच शिक्षक निघून गेले आणि गुण पुन्हा घसरले. हानुशेक, रिव्किन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हा सगळा चढ-उतार आकड्यांत मांडला. शाळा सुधारली होती, वस्ती सुधारलेली नव्हती. घरभाडं न परवडल्याने वर्षात तीन शाळा बदलणारी मुलं तशीच येत होती, काम तेवढंच जड होतं, आणि ते पेलणाऱ्याला आता शेजारच्या सोप्या शाळेइतकाच पगार मिळत होता. नॉर्थ कॅरोलायनाने योजना कळायच्या आत बंद केली, कॅलिफोर्नियाने पैसे संपले म्हणून, डॅलसने यशस्वी झाली म्हणून. बंद करायला सरकारला कुठलंही कारण चालतं.

टेक्सस राज्याने २०१९ च्या शालेय निधी कायद्यात मात्र भत्ता वेगळ्या खुंटीला बांधला आहे. चांगला ठरलेल्या शिक्षकामागे राज्याने त्याच्या जिल्ह्याला वर्षाला ३ हजार ते ३२ हजार डॉलर द्यायचे, असं त्या कायद्याने ठरवलं. शिक्षकाचा दर्जा तेव्हा तीन पायऱ्यांचा आणि पाच वर्षं टिकणारा. रक्कम किती, हे शाळेतली मुलं किती गरीब आणि शाळा ग्रामीण आहे का यावर ठरतं; शाळेचा निकाल सुधारला म्हणून ती घटत नाही. पैशांपैकी किमान ९० टक्के त्याच शाळेतल्या शिक्षकांच्या पगारावर खर्च करायचे असं बंधन आहे. शिक्षक सुखवस्तू वस्तीतल्या शाळेत गेला तर दर्जा त्याच्याबरोबर जातो, पण त्याच्यामागे मिळणारी रक्कम नव्या शाळेतल्या मुलांच्या परिस्थितीप्रमाणे उतरते.